चिनी मातीच्या बरणीबाबत खुलासा

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, वकिलांच्या कचेरीत सव्वीस वर्षं इतरांची मृत्युपत्रं टाइप केलेली, आज स्वतःचं लिहून ठेवते. तब्येत ठणठणीत, डोकं ठिकाणावर. दबाव कोणाचाही नाही. नणंदबाई बाहेरच्या खोलीत आहेत, पण मधलं दार मी लावून घेतलं आहे.

एक. बँकेतली ठेव आणि घरातला माझा अर्धा हिस्सा नवऱ्याला. त्याने आजवर कुठल्याच भांडणात कोणाचीच बाजू घेतली नाही, त्यामुळे त्याच्यावर राग धरायलाही जागा नाही.

दोन. टाइपरायटर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला. त्याने लिहिलेली मापं त्याला स्वतःलाही वाचता येत नाहीत. माझे तीन ब्लाउज याला पुरावा.

तीन. लोणच्याची बरणी. या घरात नवं लोणचं घालताना जुन्यातलं पळीभर त्यात मिसळतात. त्यामुळे आजेसासूबाईंच्या हातची चव अखंड चालत आली आहे, असा समज आहे. माझ्या लेकीचं लग्न वेगळ्या भाषेच्या मुलाशी ठरलं, तेव्हा नणंदबाईंनी जाहीर केलं की बरणी परक्या घरात जाणार नाही, चव बाटेल. परवा भांडी पुसताना म्हणाली, "आई, तिकडे गेल्यावर मी नक्की कुणाची गं?" लग्न मोडायचं तिच्या मनात घोळतंय.

म्हणून ही कबुली. माझ्या लग्नानंतर चौथ्या महिन्यात, सासूबाई नणंदबाईंकडे गेल्या असताना, बरणी माझ्या हातून फुटली. सगळं लोणचं मोरीत गेलं. मी बाजारातून तशीच बरणी आणली आणि माझ्या आईचं लोणचं तिच्यात भरलं. माहेरची भाषा मी चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती, कारण इथे शब्दाशब्दाला हसायचे. आता फोनवर माझा सख्खा भाऊ विचारतो, कोण बोलतंय. लोणचं मात्र मागच्या दाराने आत आलं. सासूबाईंनी परतल्यावर चाखलं आणि म्हणाल्या, "याला म्हणतात आपल्या घरची चव. तुला शिकायला जन्म जाईल." त्यांना पोचवायला आलेल्या नणंदबाईंनीही मान डोलावली. तेव्हापासून त्या दर वर्षी दोन डबे भरून नेतात.

आठ वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारपणात, सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, बांगड्यांचं काही असेल. म्हणाल्या, "यंदा मीठ कमी पडलंय. तुझ्या आईचं बरोबर असायचं."

कधीपासून माहीत होतं, मी विचारलं.

"पहिल्या घासाला. आमचं मेलं इतकं चांगलं कधी नव्हतंच. पण सांगितलं असतं, तर तू डोक्यावर बसली असतीस."

चार. सबब, बरणी लेकीला. नणंदबाईंना दर वर्षी दोन डबे, वरील कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्यानंतर. नको असल्यास त्यांनी तसं लेखी द्यावं. मला कागद येईल असं वाटत नाही.

लेकीस सूचना: सासरी त्यांचं काही मुरत असेल, तर त्यातलं पळीभर खुशाल मिसळ. तू कुणाची, हे त्यांना पहिल्या घासाला कळेल. कबूल करायला एकवीस वर्षं लागतात. तेवढी सवड दे.

पाच. माझ्या मरणाची वाट न पाहता हे येत्या रविवारी, सगळे जेवायला बसल्यावर वाचावं. मी वाढायला असेन.

साक्षीदार: डॉक्टर, ज्यांनी माझं डोकं तपासलं, आणि वकीलसाहेब, ज्यांनी चव घेतल्याशिवाय सही करायला नकार दिला.

ठिकाण: स्वयंपाकघर, ओट्याशेजारचं टेबल.
दिनांक: बरणीत यंदाचं लोणचं भरल्याचा तिसरा दिवस.
सही: दोन्ही भाषांत.