अळंबीचं मूळ

आई, गेल्या रविवारी बोरिवलीच्या जंगलात मी एका अळंबीच्या बुडाशी मातीत बोट घातलं आणि तिथून सगळं बदललं. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळे बरंच सांगायचं राहिलंय. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्रॅक्टिकलला सरांशी वाजलं, बॅग उचलली, निघालो, परत गेलोच नाही. डोकं अजून तसंच आहे. आणि एक मुलगी आहे, दादरची. रविवारी ती लोकांना जंगलात अळंब्या ओळखायला नेते. बघायचं, फोटो काढायचे, तोडायचं नाही. मी जातो ते तिच्यासाठी. अळंब्यांचं मला काय पडलंय!

त्या दिवशी वाटेकडेच्या गवतात पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "काय हो, ही खातात का?" मी तिच्याआधीच बोललो, "बिनधास्त खा, काका. आमची आई करायची, गावाहून आणून." ती म्हणाली, "असं सांगू नकोस रे कोणाला. ही ती वाटत नाही." सगळ्यांसमोर! माझं सटकलं. "तू पुस्तकं वाचून शिकलीस, मी खाऊन मोठा झालोय." काका इकडेतिकडे बघायला लागले. मी पाठ फिरवली. खड्ड्यात गेली ती आणि तिचं जंगल, म्हटलं.

चार पावलं गेलो असेन, आणि डोळ्यांसमोर गावची गणपतीची सुट्टी आहे, घरामागचं वारूळ आहे, मी अळंब्यांची डोकी धरून फटाफट उपटतोय आणि तू ओरडतेयस, "उपटू नको रे मेल्या! बोट घाल, खाली काय लागता ता बघ आदी." तू स्वतः बसतेस, माती उकरत जातेस, आणि अळंबीची बारीक शेपटी खाली वारुळात जातच राहते. अशी शेपटी लागली तरच खायची. मग शेपट्या तुटलेली माझी अख्खी टोपली तू उकिरड्यावर ओततेस. "म्हायत नाय ता माझ्या टोपात जावचा नाय." मी रडलो होतो, टोपलीला लाथ घातली होती. लालबागला परत येईपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो.

तर मी परत वळलो. गुडघ्यावर बसलो, छत्रीला धक्का न लावता बाजूची माती उकरली. शेपटी नव्हतीच. छोट्या कांद्यासारखा गड्डा आला आणि संपलं. कान तापले होते, पण म्हणालो, "नका खाऊ, काका. मी चुकीचं सांगितलं."

ती शेजारी येऊन बसली. "हे कुठे शिकलास?"

"आईकडे."

"मग तोंड उघडायच्या आधी का नाही बघितलंस?" मी नखांतली माती काढत राहिलो. तशी ती हसली. "पुढच्या रविवारी मुळाचं तूच दाखव सगळ्यांना. आणि भांडायचं असेल तर गेटच्या बाहेर."

आज तो रविवार. फिरून झालं की तिला मनातलं सांगणार आहे. हे पत्र पाठवायचं कुठे, माहीत नाही. घडी करून खिशात ठेवतो. एक मात्र कबूल करतो. ती नाही म्हणाली तर मी भडकणार नाही, अशी शपथ तुझ्यासमोरही घेता येत नाही. पण तिथून निघून जाणार नाही. जे म्हणेल ते उभा राहून ऐकेन.

बाबा अजून झोपलेत. बूट हातात घेऊन बाहेर पडतो आणि दार हळूच ओढून घेतो.