मचव्याच्या लाकडाचा ठोकळा

अब्बा, मी इथे सपाट रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवतो. नजर पोचेल तिथवर वाळू, एक वळण नाही, एक चढ नाही. अकरा वर्षं झाली. गावात सगळ्यांना वाटतं की मी पैशासाठी आखातात आलो, आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलं. गेल्या महिन्यात रजेवर घरी होतो. धाकट्या भावाने जीप घेतली आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आता मिशी फुटली आहे आणि वीर स्टेशनच्या बाहेर तुमच्याच जागेवर नंबर लावतो. आंबेनळी घाटातली त्याची पहिली फेरी मी रजेवर असतानाच निघाली. त्याला घाट शिकव, असं अम्मी म्हणाली. घाट शिकवायचा म्हणजे एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या चाकाखाली आलेला दगड मी ठेवलेला होता. लोक तुम्हाला अकरा वर्षं घाईखोर ड्रायव्हर म्हणत आले आणि मी मूग गिळून बसलो.

तुम्हाला घाईखोर म्हणायचं म्हणजे कमालच आहे. तुमच्याइतका वाट बघणारा माणूस मी पाहिला नाही. दासगावच्या बंदरावर बसून तुम्ही आम्हाला सांगायचात, की महाबळेश्वर म्हणे घाटावरच्या लोकांचं, पण तिथे पहिले गोरे साहेब गेले ते आपल्या दारावरून. मुंबईहून बोटीने बाणकोटच्या खाडीत यायचे, तिथून भरती बघून आपल्या पणजोबांच्या मचव्यातून सावित्री नदीने वर दासगावला. मग डोल्या, बैल, हमाल, आणि पोलादपुरावरून डोंगर चढून थंड हवेत. पुढे देशावर रेल्वे आली. साहेब मुंबईला गाडीत बसून त्या बाजूने टांग्याने वर जायला लागले. एका माणसाच्या हयातीत आपलं बंदर चिखलाने भरलं आणि पणजोबांचा मचवा त्याच चिखलात कुजत पडला. तुम्ही हे सगळं असं सांगायचात, जणू काल तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "रेल्वेनंच आपला धंदा खाल्ला ना रे? आता रेल्वेच परत देल बघ." माथेरानचा दाखला तर ठरलेलाच. तिथे छोटी गाडी डोंगर चढली आणि जंगलाचं गाव झालं, लोक त्या गाडीत बसायलाच यायला लागले. इथे गाडी डोंगर चढणार नव्हती, पण पायथ्याशी तरी आली होती.

वीरला गाडी थांबायला लागली तेव्हा तुम्ही आखातातल्या कमाईची जीप घेऊन पहिल्याच आठवड्यात हजर. ‘प्रतापगड – महाबळेश्वर’ अशी पाटी स्वतः रंगवलीत. खरं सांगायचं तर अब्बा, येत कोण होतं? गाडीतून उतरायचे ते दासगावचे, महाडचे, नात्याचे चाकरमानी, हातात पिशव्या घेऊन. महाबळेश्वरला जाणारे पुण्याच्या बाजूने आरामबसने जात होते आणि जात राहिले. तरी तुम्ही प्रत्येक गाडीला उभे. कोणी टोपीवाला, कॅमेरावाला दिसला की तुमचा चेहरा उजळायचा. मी विशीतला, मला तुमची लाज वाटायची. आता मी स्वतः विमानतळावर लोकांना न्यायला उभा राहतो तेव्हा तो चेहरा आठवतो आणि कुठे बघावं कळत नाही.

दुसरी जुनी जीप घेऊन माझ्या हाती दिलीत, त्या दिवशी किल्लीबरोबर एक ठोकळाही दिलात. पणजोबांच्या मचव्याची एक फळी तुम्ही चिखलातून काढून ठेवली होती. तिचे दोन ठोकळे तासले होते, एका बाजूला उतरते, म्हणजे चाकाखाली नीट बसावेत. एक तुमच्या जीपला, एक माझ्या. प्रत्येकाला भोक पाडून हातभर दोरी, आणि दोरीचं टोक जीपला बांधलेलं. घाटातल्या जुन्या जिपांचे हँडब्रेक नावालाच असतात. उतारावर थांबलं की सगळे ड्रायव्हर कडेचा दगड उचलून चाकाला लावतात, आणि निघताना तो तिथेच टाकून जातात. मागून येणाऱ्याच्या चाकाखाली तो आला की संपलं. म्हणून तुमचा ठोकळा दोरीचा. विसरलात तरी तो गाडीमागे फरफटत येणार.

एकदा भरल्या गाडीने वर जाताना तुम्ही वळणावर थांबलात, उतरलात आणि कुणीतरी टाकलेला दगड उचलून कठड्याकडेला ठेवलात. मागची माणसं कुरकुरत होती. मी म्हटलं, "आपण कुठं लावलाय? ज्यानं लावला तो बघेल." तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "तो बघायला परत येनार हाय का? मागनं येतो तो पन कुनाचा तरी बाप असतो. उतर, अजून एक हाय तिथं, तो तू उचल." मी उतरलो, उचलला, पण मनात चरफडत. पालथ्या घड्यावर पाणी ते.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत मुंबईचं एक मोठं कुटुंब आलं, चौदा माणसं, दोन्ही जिपा भरून. तुम्ही किती खूश होतात! त्या सकाळी मी माझा ठोकळा जीपमधून सोडून घरी दाराआड टाकला होता. लाकडाला जुन्या डांबराचा वास यायचा, आणि आधीच्या फेरीत एका बाईने नाक मुरडून विचारलं होतं की हे काय ठेवलंय. एवढंच कारण. स्टेशनवर माणसं बसवताना तुम्ही विचारलंत, "ठोकळा हाय ना रे?" मी म्हटलं, "हाय."

दोन दिवसांनी त्यांना परत आणायला आपण वर गेलो. संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी आधी निघालो. तुमच्या जीपमधल्या आजीबाईंना बाजारातून चणे घ्यायचे होते, म्हणून तुम्ही मागे राहिलात. अर्धा घाट उतरल्यावर माझ्याकडची एक मुलगी ओकायला लागली. मी थांबलो. रस्ता खात्याने कडेला मांडलेल्या, सफेदी केलेल्या दगडांपैकी एक उचलून पुढच्या चाकाला लावला. मुलीने तोंड धुतलं, बापाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "ट्रेन मिळेल ना हो?" मी बसलो, वीतभर मागे घेतली, दगडाच्या बाजूने काढली आणि निघालो. आरशात तो मला दिसला होता, अब्बा. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला तो दिसला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, कोण उतरणार.

मी वीरला पोचलो. गाडी आली, थांबली, गेली. तुमची जीप आली नाही. प्लॅटफॉर्मवर ते कुटुंब आपल्या माणसांची वाट बघत उभं होतं आणि मी त्यांना सांगत होतो, की अब्बा सावकाश चालवतात, येतील. पोलादपूरहून एकाने येऊन सांगितलं. चाकाखाली दगड येऊन स्टिअरिंग हातातून सुटलं, जीप कठड्यावर आदळली. मागची माणसं वाचली. आजीबाईंचा हात मोडला. तुमची छाती स्टिअरिंगवर. महाडला दवाखान्यात आणेपर्यंत तुम्ही नव्हतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला मी गेलो. तुम्हाला मातीत ठेवायचं होतं, त्याच्या आधी. दगड तिथेच पडला होता, एका अंगाने पांढरा. हवालदार लिहीत होता, "वरनं दगड पडला असनार. हितं पडतातच." डोंगरातल्या दगडाला सफेदी कोण करतं? कुणीही एकदा नीट बघितलं असतं तर कळलं असतं. बाकीचे जीपभोवती होते. मी तो दगड पायाने ढकलत कडेला नेला आणि दरीत सोडला. त्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग मी आलो आणि तुम्हाला खांदा दिला. तुमच्या कबरीत पहिली मूठ माती माझ्या हातची आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. स्टँडवर चर्चा झाली की दगड तर घाटात नेहमीच असतात, म्हाताऱ्याने गाडी गाठायच्या नादात जीप भरधाव सोडली असणार. रेल्वेचं वेड, दुसरं काय. ज्यांनी तुमच्याबरोबर चहा प्यायला त्यांनीच हे म्हटलं. आजीबाईंच्या मुलाने घरी येऊन अम्मीला ऐकवलं, की तुमच्या माणसाने आमच्या आईचा जीव घेतला असता. अम्मी खाली बघत राहिली. मी तिच्या शेजारी होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुमचं नाव वाचलं असतं. मी त्या माणसाला पाणी आणून दिलं. तीन महिन्यांनी पासपोर्ट आला आणि मी सुटलो. सुटलो कसला.

तर गेल्या महिन्यात. धाकट्याची फेरी सकाळी होती, एक नवराबायको आणि त्यांची दोन मुलं. मी दारातून बाहेर निघालो आणि दाराला लावलेला ठोकळा पायाला लागला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अम्मी तो लावते, मी दर रजेला बघतो आणि नजर चुकवतो. या वेळी वाकून उचलला. भोकात दोरीचा कुजका तुकडा अजून होता. अम्मी चुलीपाशी होती. तिने वळून न बघता म्हटलं, "त्या दिवशी झाडताना दाराआड सापडला मला. तुझाच ना?"

माझ्या हातात तो ठोकळा तसाच राहिला. म्हणजे तुम्ही गेलात त्याच दिवशी तिला कळलं होतं, की मी ठोकळ्याशिवाय घाटात गेलो. पुढचं तिने जुळवलं असेल का? अकरा वर्षं ती दर सकाळी दार उघडून तो हाताने लावत होती. मी "हो" म्हटलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "बांध त्याच्या जीपला. दोरी नवी घे." बस्स. एवढंच.

मी नवी दोरी ओवली, दोन गाठी मारल्या. धाकटा काच पुसत होता. मी त्याला सगळं दाखवलं, चाकाला कसा लावायचा, दोरी कुठे बांधायची, आणि कुणाचाही दगड रस्त्यात दिसला तर उतरून उचलायचा. तो हसला, "भाई, तू पन अब्बांसारखाच." मग माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "तू काळजी नको करू. मी त्यांच्यासारखी घाई नाय करनार."

अम्मी दारात येऊन उभी होती. दार हातानेच धरलं होतं तिने.

मी म्हटलं, "अब्बांनी घाई केली नव्हती." अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. त्याने फडकं खाली घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "मग?"

"दगड होता."

"तो वरनं पडलेला ना?"

सकाळची वेळ होती, अब्बा. खाडीला भरती होती. माझा भाऊ वीस वर्षांवरचा, शहाणा, शांतपणे उत्तराची वाट बघत उभा होता, अगदी तुमच्यासारखा. अम्मी माझ्याकडे बघत होती. यापेक्षा सोपं कुणी मला करून देणार नव्हतं.

मी म्हटलं, "हो. वरनंच."

अम्मीने दार सोडलं. ते आपटलं. धाकट्याने जीप सुरू केली, ठोकळ्याकडे बोट करून विचारलं, "हा अब्बांचा ना?" आणि मी त्यालाही हो म्हटलं.

तो रोज तो वापरतो, असं अम्मी फोनवर सांगते. तुमचा आहे म्हणून स्टँडवर सगळ्यांना दाखवतो. तुमचा तर तुमच्या सीटखाली होता, दोरीसकट, मोडक्या जीपबरोबर भंगारात गेला. हा माझा. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. अम्मीचा आहे, धाकट्याचा आहे, पण पाकिटावर ते पत्ते मी लिहिलेले नाहीत.