पश्चिमेची खिडकी

११ फेब्रुवारी

आराखडा चौथ्यांदा फाडला. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून दुसऱ्यांची क्वार्टर्स काढली, कधी खाडाखोड झाली नाही. स्वतःचं तीनशे चाळीस फुटांचं घर काढताना मात्र घाम फुटतोय!

एक खोली, एक ओटा, न्हाणी, पुढं सोपा. राहणारं माणूस एक – मी. अवघड आहे तो वारा. कुरुंदवाडची हवा म्हणजे काय सांगावं! दोन नद्यांच्या बेचक्यात गाव. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, चपलेवर बुरशी चढते, पंखा लावला तर तीच ओली हवा गरगरत राहते. वारा पश्चिमेकडून आत यायला पाहिजे आणि पूर्वेच्या दारानं बाहेर जायला पाहिजे. दुसरा इलाज नाही.

आणि पश्चिमेला बाळासोचं परडं.

१४ फेब्रुवारी

चार वर्षं झाली. सख्खा धाकटा भाऊ, पण बाळासो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. आई गेली आणि तेराव्याच्या आधीच हक्कसोडपत्र टाइप होऊन आलं. गावातल्या सगळ्या बहिणी सही करतात. भावाला जमीन, बहिणीला भाऊबीजेची साडी. मी नाही केली. लग्न केलं नाही, मागं कोणी नाही, कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत म्हातारी होणार – म्हटलं, माझा दीड गुंठा मला पाहिजे. मिळाला. माहेर तेवढं तुटलं.

राखी दरवर्षी पोस्टानं पाठवते. परत येत नाही, उत्तरही येत नाही.

२ मार्च

कृष्णात गवंड्याला आराखडा दाखवला. ‘बाई, एवढं बारकं? ह्यात म्हस पण मावायची न्हाय.’ म्हटलं, मी म्हैस नाही. त्याला स्लॅब पाहिजे होता. मी ऐकलं नाही – स्लॅब दिवसभर तापतो आणि सगळा ताप अंगावर सोडतो. मंगळुरी कौलं, छप्पर भिंतीच्या साडेतीन फूट पुढं म्हणजे झड आत येत नाही. भिंतीला चुना. जोतं दोन हजार एकोणीसच्या पुराच्या खुणेच्या वर दीड फूट. सगळ्याला मान डोलावली पठ्ठ्यानं. पश्चिमेच्या खिडकीवर बोट ठेवून थांबला. दुसऱ्याच्या परड्याकडं खिडकी काढायची तर आधी विचारायचं असतं, नाहीतर उद्या भांडणात मार गवंडी खातो, म्हणाला.

३ मार्च

नाही विचारलं. विचारणार नाही.

९ मार्च

उत्तरेला गुळाच्या गोदामाची आंधळी भिंत. दक्षिणेला गोठा, माश्यांची जत्रा. मग काय काय नाही काढलं! छपराला झरोका. विटांची जाळी. जमिनीलगत फटी. पुठ्ठ्याचं घर करून गच्चीवर नेलं, आत उदबत्ती लावली. धूर आतल्या आत फिरतो आणि तिथंच बसतो. पश्चिमेला ब्लेडनं भोक पाडलं – सरळ दारातून बाहेर!

माणसाला एक शब्द विचारायला नको म्हणून अकरा नकाशे काढले मी. अठ्ठावन्न वर्षांची बाई! स्वतःचाच राग आला.

१८ एप्रिल

भिंती कमरेपर्यंत आल्या. कृष्णातनं काम थांबवलं. खिडकी ठेवायची की भिंत चढवायची, आजच सांगा म्हणाला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढव कोण ते लिहीत नाही.

चिठ्ठी लिहिली – ‘पश्चिमेला खिडकी काढते आहे. हरकत असल्यास कळव.’ खाली ‘आक्का’ लिहिलं होतं. खोडलं, ‘क्रांती’ लिहिलं. कृष्णातच्या हाती धाडली.

१९ एप्रिल

बाळासोनं चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि ‘काढू दे’ म्हणाला. बस्स, एवढंच. आणखी काही विचारलं का, एकटी राहणार का वगैरे? दोनदा विचारलं मी. कृष्णात म्हणाला, न्हाय, काय बी न्हाय.

परवानगी मिळाली आणि विटांच्या ढिगावर बसून रडले.

९ जून

राहायला आले. एका टेम्पोत संसार मावला. चुलीवर दूध उतू घालवलं – मीच घालवलं, मीच बघितलं.

चारच्या सुमारास वारा सुटला. पश्चिमेतून आत, माझ्या अंगावरून, दारातून बाहेर. पंखा बंद! भिंत हाताला कोरडी. नोकरीत इतकी बरोबर रेघ कधी मारली नव्हती. कुणाला तरी दाखवावीशी वाटली.

१५ जून

वाऱ्याबरोबर काय काय आत येतं, ते आराखड्यात धरलंच नव्हतं. अनुजावहिनीची लसणाची फोडणी. पुतण्याच्या, विश्वजितच्या, मोबाइलवरची गाणी. बाळासोचा खोकला – अगदी वडिलांसारखा, आबांसारखा. जेवायच्या वेळी वहिनी एकेकाला नावानं हाक मारते. कुत्र्यालासुद्धा. मग भांड्यांचा आवाज, हसणं.

परड्यात येतात तेव्हा माझ्या खिडकीकडं कोणी बघत नाही. मान अशी वळवतात की इथं घरच नाही.

मी खिडकीकडं पाठ करून जेवते.

२१ जून

बेंदूर. सकाळपासून पुरण शिजल्याचा वास घरभर. बैलांना ओवाळलं, माणसं आली-गेली, पंगत उठली. मला वेडीला वाटलं, आज तरी वहिनी ताट धाडेल. दोन वाजेपर्यंत स्वयंपाक केला नाही. शेवटी भात टाकला.

खिडकी लावून घेतली. कडी घातली.

२३ जून

चादर ओली. कोपऱ्यात हिरवट डाग. गणित बरोबर होतं माझं – खिडकीशिवाय हे घर नाही, पेटी आहे. तरी उघडणार नाही.

२५ जून

सकाळी खिडकीवर थापा. मग आवाज – चार वर्षांनी, पण ओळखायला वेळ लागला नाही. ‘आक्का, चार दिस झालं खिडकी लावल्याली हाय. बरी हाईस न्हवं?’

‘बरी आहे, थांब,’ म्हटलं आणि कडी काढली.