उन्नतीची अपुरी गोष्ट

उमेळे, वसई
२ डिसेंबर २०२४

ती. आशाआत्यास,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. त्या निमित्ताने माझा पत्रं लिहायचा सराव टिकून आहे. परेश बरा आहे, त्याची रात्रपाळी चालू आहे. आम्ही दोघं रविवारी भेटतो.

चौथीच्या पोरांना गोष्ट लिहायला शिकवायचा हट्ट मी अजून सोडलेला नाही. मनातली गोष्ट लिहा म्हटलं, की ती विचारतात, बाई, मुद्दे कुठे आहेत? मुद्दे दिले नाहीत तर गाइडमधला दयाळू राजा हजर! सगळ्या वर्गाचा एकच राजा, एकच तात्पर्य. शाळेभोवती तुळिंजच्या गल्लीत एवढं घडत असतं, आणि कागदावर काही उतरत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, गुण मुद्द्यांना आहेत, कशाला डोकेफोड करता?

तरी काही कागद पाठवतेय. उन्नतीचा सगळ्यात वर ठेवलाय. तिच्याबद्दल मुद्दाम काही सांगत नाही, तुझं मत कोरं यावं म्हणून. तू जन्मभर पोरांना लिहायला शिकवलंस. यात काही आहे का, की मी उगाच झुरतेय, ते सांग. कागद शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी दिवसा कोणी नसतं.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तुझी,
ज्ञानदा


देवरुख
११ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवड्यातून एकदाच भेटता, म्हणून संसार टिकलाय असं परेशला सांग. माझे गुडघे सोडले तर मी ठणठणीत.

कागद वाचले. राजे अगदीच पुचाट. पण ती उन्नती! 'आई टँकरचं पाणी भरायला खाली गेली. हंडा शेजारच्या काकींनी वर आणला. आई आली नाही. पप्पा बोलले कामाला गेली. मग बोलले मामाकडे गेली. मग काय बोलले नाय.' अगं, काय सुरुवात आहे! आणि पोरीने तिथेच पेन खाली ठेवलं. ना शीर्षक, ना शेवट, ना तात्पर्य. माझे हात शिवशिवले. आपल्याकडे 'अपुरी गोष्ट पूर्ण करा' हा प्रश्न असतो ना, तशी मी तिच्याच कागदावर लाल शाईने पूर्ण करून दिली. संक्रांतीला आई तिळाचे लाडू घेऊन परत आली, सगळे आनंदाने राहू लागले. शेवट कसा करावा हे मुलांना एकदा दाखवावं लागतं.

कागद कालच स्पीड पोस्टाने शाळेत धाडले. तू झुरू नकोस. पोरीत आहे काहीतरी.

आठवण ठेवून लिहीत जा, मी वाट बघते.
आत्या


उमेळे
२० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. जमेल असं वाटत नाही.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला जुंपलेली होते. माझ्या जागी वर्ग सांभाळणाऱ्या हेमांगीबाईंनी पाकीट फोडून कागद वाटून टाकले. चूक त्यांची नाही, लाल शाईने तपासलेले कागद वाटायचेच असतात. तुझं पत्र मला नंतर मिळालं.

आत्या, ती गोष्ट अपुरी नव्हती. उन्नतीची आई गणपतीत घर सोडून गेली, तिचा पत्ता नाही. पोरीला जेवढं माहीत होतं तेवढं तिने लिहिलं. कोरं मत हवं म्हणून मी गप्प राहिले, ही माझी अक्कल.

आता ती वर्गभर सांगते की आई संक्रांतीला येणार, बाईंच्या आत्यांनी गावाहून कळवलंय. काल तिचे वडील आले. गोखिवऱ्याला कारखान्याच्या गाळ्यात कामाला असतात, हाफ डे टाकून आले होते. मला वाटलं भांडतील. त्यांनी हळूच विचारलं की तुमच्या आत्यांना ती कुठे दिसली, देवरुखातच आहे का, मी आणायला जाऊ का. तो कागद त्यांच्या खिशात होता. खरं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, सॉरी मॅडम म्हणाले आणि गेले. सॉरी त्यांनी म्हणावं!

जास्त लिहवत नाही. नमस्कार.
ज्ञानदा


देवरुख
२८ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. मला ती फक्त गोष्ट वाटली गं. पोर खरंही लिहू शकते हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिला सांग की म्हातारीला कळत नाही, तिने शेवट मनचा लिहिला. हवं तर मी स्वतः तिला पत्र लिहिते. लाडू करून पाठवणार होते, पण मग वाटलं, नकोच.

माझ्यावर रुसून राहू नकोस.
आत्या


उमेळे
३० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नकोस. तुझ्या अक्षरातलं आता काहीच तिच्या हाती जायला नको.

मी तिला सगळं समजावून सांगितलं, वडिलांनीही सांगितलं. ती ऐकून घेते आणि म्हणते, पण बाई, ते लाल पेनाने लिहिलंय. लाल पेनाचं चुकीचं कसं असेल? हे आपणच त्यांना शिकवलंय ना? संक्रांतीच्या दिवशी ती नवीन फ्रॉक घालून इमारतीच्या खाली बसून होती, असं तिच्या शेजारच्या काकींनी सांगितलं. टँकर येऊन गेला. अंधार पडल्यावर वडिलांनी तिला वर नेलं.

परवा वर्गात गोष्टीची चाचणी घेतली. मनातलं काहीही लिहा म्हटलं. उन्नतीने सगळ्यांच्या आधी कागद दिला. एक दयाळू राजा होता. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं गाइडमधलं. वर शीर्षक, खाली तात्पर्य : मोठ्यांचे ऐकावे. एकही चूक नाही. मुख्याध्यापकांनी कागद पाहिला आणि माझं कौतुक केलं, पोरगी सुधारली म्हणाले.

मी लाल पेन काढलं आणि दहापैकी दहा दिले. कागद परत दिल्यावर तिने गुण पाहिले आणि घडी करून दप्तरात टाकला.

तुझ्यावर रुसलेली नाही. माया होती तशीच आहे, तूही तशीच ठेव.
तुझी,
ज्ञानदा