माणूस लंडनला, काम कागलला

४ एप्रिल २००६
मेहुणी रक्षिता लंडनला असते. जूनमध्ये तिचं बाळंतपण. शांभवीला बोलावणं आलंय. बायकोला एकटीला पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून मीही जाणार. तीन महिने! रजा मात्र एकही घालवणार नाही. कागलच्या फाउंड्रीची ड्रॉइंग्ज तिथूनच लॅपटॉपवर करायची आणि ईमेलनं पाठवायची. कोल्हापुरात हे आजवर कुणाला सुचलेलं नाही.

११ एप्रिल
आमचे मालक चनबसाप्पा शेठ तयार. म्हणाले, जावा की, काम आडलं न्हाय म्हंजे झालं. व्हिसाला रजेचं पत्र लागतं. मीच टाईप केलं: रजा नाही, पगार चालू, रोज आठ तास लंडनहून काम करतील. शेठनी न वाचता सही ठोकली.

१२ एप्रिल
एजंट प्रभुलिंगनं पत्र बघून कपाळाला हात लावला. म्हणाला, पावणं, ह्या व्हिसावर काम चालत न्हाय. रजा घ्या आणि निवांत फिरून या. मी म्हटलं, काम कागलचं, पगार कागलचा, मी नुसता बसणार तिकडे. त्यानं पत्र फायलीत लावलं. पटलं असणार.

२० एप्रिल
ऑफिसात सत्कार. फेटा, शाल, नारळ. भाषणात म्हणालो, लंडन ही आता कागलची शाखा. टाळ्या. व्हिसा यायचाय अजून, पण ती फॉर्मॅलिटी.

३ मे, मुंबई
इंटरव्ह्यू. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, रोज आठ तास काम करणार? मी छाती काढून हो म्हटलं. म्हणाल्या, माणूस जिथं बसून काम करतो, तिथंच ते काम होतं. पाहुण्याच्या व्हिसावर चालत नाही. नामंजूर.
शांभवी म्हणाली, बहिणीचं बाळंतपण करायला चाललेय. मंजूर.
शेठनी घात केला. असल्या पत्रावर सही करायचीच कशाला?
शांभवी माझ्याशिवाय जाणार नाही. खात्री आहे.

२२ मे
गेली. थोडी रडली, पण गेली.

१९ जून, सायंकाळी
लंडनहून फोन. सकाळी मुलगी झाली. विचारलं, माझी आठवण येते का? शांभवी म्हणाली, येती की. पण हितं खोली एकच हाय, तुमी आला असता तर झोपला कुठं असता? म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? म्हणाली, कशाला बोलायचं? रक्षिताचा नवरा पहिल्या दिवसापासनं म्हणत हुता, दाजींना व्हिसा मिळतोय कुठं.
मागून हसण्याचा आवाज आला. आज सकाळी झालेलं बाळ तर हसत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.