नाव पुन्हा वाच

४ मार्च
गुलमंडीवरून चटया उचलून रिक्षात टाकल्या. जायचं होतं दौलताबादला, किल्ल्याखाली सहली येतात. वाटेत पाचोडकडचा एक जण भेटला, गप्पा लागल्या, रिक्षा त्याच्याच रस्त्याला गेली. आक्काचं गाव तिकडंच, मग म्हणलं तिच्याकडंच उतरू. दाजी वाळूजला कंपनीत. मोसंबीची बाग आक्काच बघते. गारांनी झाडं सोलून काढलीत. अनुदान मिळंल की म्हणलं. "मिळंल तवा," म्हणली.

५ मार्च
गावात भोंगा फिरवला. खपली एकच चटई, पण आवाज आवडला लोकांना. सरपंच म्हणे, उद्या चावडीवर गारपिटीची यादी वाचायचीय, कोणाला अनुदान मिळालं ते सगळ्यांसमोर. तलाठीआप्पांचा घसा बसलाय. पाव्हणं, तुमीच वाचा. चहा पाजला होता. व्हय म्हणलं.

६ मार्च
सवयीनं चटईच्याच सुरात सुरू केलं. एक म्हातारा म्हणे, दोनावर एक फुकट हाय का? लई हसले. मग नीट वाचलं.
मधेच आलं: विश्वनाथ रामराव, मोसंबी, सामाईक गट, इतरांची संमती. म्हणजे मोठे दाजी, आक्काचे थोरले दीर. बागेचे पैसे त्यांच्या खात्यात. त्यांच्या वाट्याला तर ज्वारी. गट एकच, वाटणी तोंडी, पण मोसंबीचं झाड न् झाड आक्कानं लावलेलं.
बायकांतून आक्का उठली. हरकत हाय.
तलाठीआप्पा घोगऱ्या आवाजात, कोणाच्या नावावर? नावाशिवाय लिहिता येत नाय.
आक्का भायाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव कसं घेणार? लग्नापासून घेतलं नाय. अन् ते समोरच बसलेले. बायका खुसखुसायला लागल्या. वाटलं, बसती आता खाली.
पदर पुढं ओढला अन् माझ्याकडं बघितलं. "भाऊ, नाव पुन्हा वाच."
वाचलं. भोंग्यातून.
"ह्यांच्यावर."

७ मार्च
मोठे दाजी पारावर भेटले. शिव्या घालतील वाटलं, तर जागा दिली बसायला. "तलाठीआप्पांनी मला इचारलं, घरात वाद हाय का. मी म्हणलं, नाय. त्याची त्यांनी संमती केली. आता सांग, वाद होता का?"
नव्हता, खरंच. पैसे आले ते ज्वारीचे समजले म्हणे. तेही खरं असंल. वाचलंच नसतं तर कोणालाच... जाऊ दे. आक्काच्या बाळंतपणात भर पावसात जीप ह्यांनीच आणलेली.
दाजींचा फोन. दादाचं नाव भोंग्यावर? अन् दोनदा? राग सगळा माझ्यावर. आक्काला काय बोलले नाय.
चटया तशाच पडल्यात.

९ मार्च
हरकतीच्या चौकशीला उद्या तालुक्याचे साहेब बागेत येणार. दोघांना समोर उभं करून विचारणार, झाडं कोणी लावली. मधे बांध नाय. सगळं मोठ्या दाजींच्या बोलण्यावर. आक्काला म्हणलं, शेजारी बोलावतो साक्षीला. नको म्हणली. "घरातलंच माणूस हाय. त्यांनाच सांगू दे."
संध्याकाळी तिची जाऊ, मोठ्या दाजींची बायको, दारात. आत आली नाय. ह्यांनी इचारलंय, उद्या साहेबांचा चहा कोणाकडं?
आक्का भाकरी थापत होती. थापलेली तव्यावर टाकली.
"तुमच्याकडंच," म्हणली. "थोरलं घर तेच."
जाऊ उभीच राहिली. मग गेली. चहा ठेवतील का नाय, तिकडून काही निरोप नाय अजून.