शेवटचं प्रकरण राहिलंय

२३ सप्टेंबर, दुपार

दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही असशीलच. रीत संपली, आता मुद्द्याचं.

बाबांच्या वार्तापत्राच्या यादीतून आपलं नाव काढावं, अशी तुझी एका ओळीची ईमेल सोमवारी आली. खाली पूर्ण नाव, हुद्द्यासकट. बापाला लिहिताना हुद्दा कशाला लावतोस रे? बाबांचं टपाल, ईमेल सगळं हल्ली मीच उघडते. तुझी ओळ मी त्यांना सांगितली नाही. "त्याचं काही?" असं त्यांनी विचारलं, मी सरळ "नाही" म्हटलं. तुमच्या दोघांच्या पायी मला खोटं बोलायची सवय लागत चालली आहे.

तुझी तक्रार मला तोंडपाठ आहे. जगात कुणीही फ्रेंच आजोबांवर चार ओळी खरडल्या की बाबा वार्तापत्रात त्याची नोंद घेतात, आणि पोटच्या पोराने त्याच आजोबांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये, त्याबद्दल दोन वर्षांत चकार शब्द नाही. खरं आहे. बाबांच्या त्या तत्त्वज्ञाला आपण फ्रेंच आजोबा म्हणायचो, कारण घरात सख्ख्या आजोबांचा फोटो नव्हता आणि त्यांचा होता. आई तर त्यांना सवत म्हणायची. माणूस जाऊन किती वर्षं झाली, तरी त्याची नवी पुस्तकं येतच आहेत. कधी जुनी व्याख्यानं सापडतात, कधी अर्धवट मसुदे, कधी कुणाला लिहिलेल्या चिठ्ठ्या. मग त्या पुस्तकांवर पुस्तकं, आणि त्यांच्यावर चर्चासत्रं. गेलेल्या माणसाने मागच्यांचं काम इतकं वाढवू नये.

बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचल्याशिवाय नोंद नाही. आता जरा डोकं चालव. आठ पानांचं वार्तापत्र दोन पानांवर आलं, हे तुझ्या लक्षात आलं का? छोटे लेख तेवढे उरले, पुस्तकांच्या नोंदी बंद झाल्या, सगळ्यांच्याच. पण तू प्रत्येक अंकात फक्त स्वतःचं नाव शोधलंस.

पुढचं लिहिणार नव्हते. बाबांनी शपथ घातली आहे. गेली ती शपथ चुलीत.

बाबांना वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली, कडेची तेवढी शिल्लक आहे. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. समोरचा माणूस बघायचा तर त्यांना तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. तू पुस्तक द्यायला आलास, तेव्हा ते पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," असं म्हणून तू जेवण सोडून निघून गेलास. तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं, मीही त्यांच्यावरच चिडले. दादा, ते तुलाच बघत होते. तुझे केस पांढरे झालेत, हे मला त्यांनीच सांगितलं.

मला कळलं तेव्हापासून मीच त्यांना वाचून दाखवते. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, शिलाई तशीच सोडायची आणि वर जायचं. फ्रेंचचं मला ओ की ठो कळत नाही. अक्षरं तोंडाने कशी काढायची, तेवढं त्यांनी शिकवलं. मी बोलायचं, त्यांनी समजून घ्यायचं, असा आमचा कारखाना. दर दोन शब्दांना टोकतात. "नाकातून म्हण, नाक कशाला दिलंय?" म्हणे. संगणक वाचून दाखवतो हे मलाही माहीत आहे, तू सुचवू नकोस. अर्ध्या तासात त्यांनी तो बंद करायला लावला. त्याला दम कुठे घ्यावा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पलंगाखाली नव्या पुस्तकांची पाकिटं न फोडता पडली आहेत. आधी आलेलं आधी, हाही त्यांचा नियम. तुझ्यासाठी तो मोडला, तुझं पुस्तक आधी घेतलं. ऐकता ऐकता तुझ्याशी भांडतात. "चूक, साफ चूक," म्हणतात. आणि मग एखादं पान पुन्हा वाचायला लावतात. एकदा वैतागून विचारलं, आहे काय एवढं त्यात? तर म्हणाले, "हे मला कधी सुचलं नाही."

काल शेवटच्या प्रकरणाशी आलो. वाटलं, सुटले एकदाची. तर त्यांनी चाचपडत पुस्तकावर हात ठेवला.

"राहू दे. हे तो वाचेल."

माझा पारा चढला. म्हटलं, तो येत नाही, तुम्ही बोलावत नाही, मी काय जन्मभर दोघांना टाके घालत बसू? त्यावर म्हणाले, तसं काही नाही, तुझे उच्चार वाईट आहेत. आणि चहा मागितला.

तुझं नाव मी यादीतून काढलेलं नाही, काढणारही नाही. तू ये. हुद्दा तिकडेच ठेव, चष्मा तेवढा आण. त्यांच्या शेजारी बस आणि वाचायला लाग. त्यांनी तोंड फिरवलं, तर उठू नकोस.

तुझं पुस्तक एक प्रकरण सोडून सगळं मोठ्याने वाचलेली,
धाकटी